आधी उडी जाते

त्या चित्रफितीत पायांना काहीच काम नाही. स्पेनमधल्या एका वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्चीत बसलेली एक म्हातारी, कानाला हेडफोन, आणि हेडफोनमधून चायकोव्स्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेचं संगीत. तिला अल्झायमर आहे. सूर थोडे पुढे सरकतात आणि तिचे हात वर यायला लागतात. मान वळते, हनुवटी उचलली जाते, नजर दूर कुठे तरी, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेक्षकांकडे असावी तशी. २०१९ मधलं हे चित्रण २०२० च्या शेवटी जगभर फिरलं, तेव्हा ती हयातही नव्हती. ती न्यूयॉर्कच्या बड्या बॅले कंपनीची प्रमुख नर्तकी होती असं मथळे सांगत होते, ते पुढे टिकलं नाही. तिच्या तरुणपणाचे म्हणून मधेमधे जोडलेले तुकडे तर रशियन नर्तकी उल्याना लोपात्किनाचे होते, आणि तेही ‘डाइंग स्वान’ या निराळ्याच नृत्यातले, ज्याचं संगीत सें-सांसचं आहे. म्हणजे कानात एक हंस आणि पडद्यावर दुसराच. जाणकारांनी ही चूक दाखवून दिली, आणि लोकांनी ती चित्रफीत तरीही पुढे पाठवणं चालूच ठेवलं.

मला टोचत राहिली ती ही चूक नव्हे. टोचत राहिले ते हात. ज्या कलेला आपण सगळे पायांची कला समजतो, ती एवढं सगळं पुसलं गेल्यावर हातांतून कशी काय बाहेर येते?

खुर्चीत बसलेल्या बाईचे हातच हलणार, हे उत्तर सोपं आहे आणि खोटंही नाही. पण ते पुरेसं नाही.

बॅले कंपनीत कुणी कितीही मोठी असो, तिचा दिवस क्लासनं सुरू होतो. सव्वा ते दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, पंचवीस-तीस वर्षं. एक हात बारवर, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्यावर. सुरुवात प्लिएनं, म्हणजे टाचा जुळलेल्या, पावलं बाहेर वळलेली आणि गुडघे बरोबर पायाच्या बोटांच्या रेषेत उघडत खाली. मग तांद्यू, म्हणजे पाऊल जमीन घासत पुढे न्यायचं, जाताना टाच पुढे, परत येताना बोटं आधी. मग तेच पाऊल जमिनीपासून वीतभर सुटतं, मग जमिनीवर अर्धवर्तुळं, मग घोट्याजवळून झटके, मग पाय सावकाश उलगडून हवेत धरून ठेवायचा, आणि शेवटी ग्रां बातमां, पाय कानाच्या उंचीपर्यंत फेकायचा. सगळं उजवीकडे झालं की सगळं डावीकडे. बार सोडून खोलीच्या मध्यभागी आलं की हातांचे संथ व्यायाम, तोल, गिरक्या, छोट्या उड्या आणि अगदी शेवटी खोलीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरक्या रेषेत मोठ्या उड्या. या क्रमाला कुणी हात लावत नाही, कारण तो शरीरानंच घालून दिलेला आहे. मोठ्या उडीतून एका पायावर उतरताना अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार पोटरी, टाचेमागची शीर आणि गुडघा झेलतात. थंड अंगानं ती उडी मारली तर शीर एकदाच बोलते, आणि तिचा आवाज विंगेतल्यांनाही ऐकू येतो.

वय हाच क्लास शेवटाकडून खोडत येतं.

आधी उडी जाते. प्रेक्षकांना ते कळत नाही, कारण प्रयोगात ती अजून असते. क्लासमध्ये मात्र सदतीस-अडतीस वर्षांची बाई मोठ्या उड्यांची पाळी आली की पाणी प्यायला बाजूला होते, पायात लोकरीचे मोजे चढवते, पियानोवाल्याकडे बघून हसते आणि निघते. उड्या मोजून खर्च करायच्या असतात, संध्याकाळसाठी ठेवायच्या असतात. एक-दोन वर्षांनी भूमिकाही त्याच क्रमानं गळायला लागतात. ‘डॉन किहोते’मधली कित्री पहिली, कारण ती सगळी उड्यांवरच उभी आहे. जिझेल जरा तग धरते. ज्युलिएट सगळ्यात शेवटी जाते. हा विनोदच आहे एक प्रकारचा, की वयानं सगळ्यात लहान मुलगी सगळ्यात म्हाताऱ्या पायांना झेपते. रशियन नर्तकी गालिना उलानोव्हानं १९५६ साली लंडनला ज्युलिएट केली तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. तिच्या कुठल्या उडीबद्दल लोक बोलले नाहीत. रंगमंचावरून नुसती धावत गेली, त्याबद्दल बोलले.

मग गिरक्या. ‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकात काळ्या हंसिनीला ३२ फ्वेते घ्याव्या लागतात. पिएरिना लेन्यानीनं १८९५ साली पीटर्सबर्गला त्या या बॅलेत घातल्या आणि तेव्हापासून ते ओझं प्रत्येकीच्या पाठीवर आहे. उभा पाय प्रत्येक फेरीला सपाट पावलावरून पंजाच्या टोकावर चढतो आणि उतरतो. दुसरा पाय समोर फेकला जातो, बाजूला चाबकासारखा फिरतो आणि गुडघ्याशी येऊन मिटतो. शरीर फिरतं, डोकं मागे राहतं आणि सगळ्यात शेवटी झटक्यात पुढे येऊन त्याच एका दिव्यावर नजर रोवतं. बिघडतं ते सहसा विसाच्या पुढे. पोटरी दगड होते, उभ्या पायाची टाच आत वळायला लागते, हात मिटायला निमिषभर उशीर करतात आणि जागेवर फिरणारी बाई हळूहळू पुढे, वादकांच्या दिशेनं सरकायला लागते. पोरं गॅलरीत बसून मोजतात, हा त्यातला दुष्टपणा. मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेतल्या माया प्लिसेत्स्कायानं या भानगडीत पडणं सोडून दिलं होतं. ती त्या जागी रंगमंचाला गोल वेढा घालत वेगानं गिरक्या घ्यायची, आणि बोल्शोईचं नाट्यगृह टाळ्यांनी तेवढंच हादरायचं. याला काही जण माघार म्हणतात. मला तो उत्तम हिशेब वाटतो. जे येतं ते डोळे दिपतील असं करायचं, जे कधी हो कधी नाही ते टाळायचं.

आणि मग बूट. बोटांच्या टोकावर उभं राहण्यासाठीच्या या पॉइंट शूजबद्दल बाहेर जेवढं गोड बोललं जातं तेवढं आत कुणी बोलत नाही. बोटांभोवतीचा तो कडक डबा लाकडाचा नसतो. कापड, जाडं पोत्यासारखं वस्त्र आणि कागद यांचे थर खळीनं चिकटवून वाळवलेले असतात. तळाला पुठ्ठ्याची किंवा चामड्याची कणा म्हणावी अशी पट्टी, वर साटीन. बूट उलटा शिवून मग सुलटा करतात. चांगल्या कारखान्यात प्रत्येक कारागिराची तळव्यावर खूण असते, एखादं अक्षर किंवा छोटंसं चित्र, आणि नर्तकी वर्षानुवर्षं एकाच खुणेचे बूट मागवते. तो कारागीर निवृत्त झाला की तिच्यावर आभाळ कोसळतं, कारण नव्या हाताचा बूट मापानं तोच असला तरी पायाला तो नसतो. आलेला बूट तसाच घालत नाहीत. फिती आणि इलॅस्टिक स्वतः शिवायचं, कारण त्यांची जागा घोट्याच्या हाडाप्रमाणे बदलते. साटीन घसरतं म्हणून टोकावरचं कापून टाकायचं किंवा जाड दोऱ्यानं रफू करायचं. कणा टाचेच्या अलीकडे, पाऊल वाकतं नेमक्या त्या ठिकाणी, मोडायचा. काही जणी तो पाऊण ठेवून उरलेला उपटून काढतात. डबा दाराच्या फटीत दाबायचा, जिन्याच्या पायरीवर आपटायचा, नाहीतर शांत अंकात टकटक ऐकू येते. आत टोकाला लाखेचा किंवा डिंकाचा हात द्यायचा, आणि सगळं झालं की राळेच्या पेटीत पाय घासायचे. एवढं करून बूट जगतो किती? तिसऱ्या अंकातल्या फ्वेतेंना कडक जोडी लागते, तळ्याकाठच्या पांढऱ्या अंकांना मऊ. एका ‘स्वान लेक’मध्ये दोन-तीन जोड्या सहज मरतात. मरतात हाच शब्द आहे, तोच वापरतात. घामानं आणि उबेनं खळ सैल होते, डबा पिचतो, कणा टेकू देईनासा होतो, आणि मेलेल्या बुटावर उभी राहिलेली नर्तकी स्वतःच्या बोटांच्या हाडांवर उभी असते.

पंजाच्या टोकावर उभं राहताना घोट्याच्या मागच्या बाजूला हाडं एकमेकांवर दाबली जातात. काहींना तिथे एक छोटं जास्तीचं हाड असतं, ते चिमट्यात सापडतं. अंगठा खाली ओढणारी शीर घोट्यामागच्या अरुंद बोगद्यातून जाते, ती सुजते आणि अडकते. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी हाडाला बारीक चीर जाते, जी पहिले काही आठवडे एक्सरेत दिसतही नाही, म्हणून तीवर नाचणं चालू राहतं. यापैकी बहुतेक गोष्टी पंचविशीत दुरुस्त होतात. चाळिशीत त्या दुरुस्त होतात, पण तारीख देत नाहीत. मग एक दिवस नाव दुसऱ्या यादीत दिसतं. राजमाता. लेडी कॅप्युलेट. लांब झगा, टाचेचे बूट, हातात पंखा. काल जी काळी हंसीण होती ती आज सिंहासनावर बसून दुसरीच्या ३२ मोजते, आणि तिच्या चेहऱ्यावर भूमिकेत हवं तेवढंच स्मित असतं. ‘स्वान लेक’ बघताना माझी नजर हल्ली त्या सिंहासनाकडे जाते.

एवढं सगळं गेल्यावर उरतं काय, तर बारजवळचा पहिला अर्धा तास आणि हात.

इंग्लिश नर्तकी मार्गो फॉन्टेन लांब पल्ला गाठू शकली ती यामुळेच, असं मला वाटतं. तिचा पाय कधीच सगळ्यात उंच जात नव्हता. तिच्याकडे रेषा होती, मान-खांदा-मनगट यांतून वाहणारी, आणि सुराच्या ना पुढे ना मागे असण्याची सवय. २१ फेब्रुवारी १९६२ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ‘जिझेल’मध्ये ती रशियातून आलेल्या नुरेयेवबरोबर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, तो तेवीसचा. तोवर तिच्या निरोपाची कुजबुज सुरू झाली होती. पुढे १९६४ साली व्हिएन्नात ‘स्वान लेक’नंतर पडदा ८९ वेळा वर गेला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच वर्षी पनामात तिच्या नवऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो मानेखाली लुळा झाला, हे त्या आकड्याच्या शेजारी सहसा लिहिलं जात नाही. त्यानंतरची पंधरा वर्षं ती नाचत राहिली, त्यात कलेइतकाच वाटा दवाखान्याच्या बिलांचा होता. शेवटी ती पनामात गुरांच्या फार्मवर राहायला गेली. गाईंची वीण, चारा, पावसाचा हिशेब. तिथे गेलेल्यांना तिच्या कष्टी निरोपाचं चित्र हवं असायचं, आणि समोर दिसायची आपल्या गुरांबद्दल आवडीनं बोलणारी बाई. साठवलेला पैसा मात्र नव्हता. १९९० मध्ये कॉव्हेंट गार्डनला तिच्या मदतीसाठी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा खास प्रयोग झाला. नुरेयेव त्यात रोमिओ नव्हे, मर्क्युशिओ होता. ज्युलिएट होती फ्रेंच नर्तकी सिल्व्ही गिलेम. पुढच्या वर्षी फॉन्टेन गेली, तारीख २१ फेब्रुवारी.

पॅरिस ऑपेरात नर्तकांचं निवृत्तीचं वय ठरलेलं आहे, बेचाळीस. तिथल्या पेन्शनचं मूळ चौदाव्या लुईच्या काळात, १६९८ मध्ये जातं. सरकारनं ती पद्धत बदलायचं ठरवलं तेव्हा २४ डिसेंबर २०१९ ला नर्तकी गार्निए नाट्यगृहाच्या बाहेरच्या पायऱ्यांवर पांढऱ्या पोशाखात, थंडीत हंस होऊन नाचल्या. संपाचा इतका देखणा फलक मी दुसरा पाहिलेला नाही. प्रमुख नर्तकीच्या निरोपाला तिथे छतातून चमचमत्या कागदी चांदण्या पडतात. मागच्या रांगेतल्या चोवीस हंसांपैकी एक जण सोडून जाते तेव्हा काहीच पडत नाही. तिचा शेवटचा प्रयोग बहुतेकदा तिलाच माहीत नसतो. घोटा दुखावतो, पुढच्या मोसमाचा करार येत नाही, आणि मेकअपच्या टेबलावरचा तिचा डबा कुणीतरी पिशवीत भरून देतं. ती तिशीत असते. वयाच्या दहाव्या वर्षापासून तिनं दुसरं काही केलेलं नसतं. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात आणि कॅनडात १९८५ मध्ये अशा नर्तकांना नवं शिक्षण घेता यावं म्हणून निधी उभे राहिले, त्याला कारण ही मागची रांग.

सोडल्यानंतर शरीराचं काय होतं, हे त्या काळातून जाणाऱ्या बायका एकमेकींना हळू आवाजात सांगतात. एकदम थांबणं सगळ्यात वाईट. सैल सांध्यांना इतकी वर्षं स्नायूंनी बांधून ठेवलेलं असतं. स्नायू काही आठवड्यांत ढिले पडतात, सांधे सैलच राहतात, आणि ज्या खुब्यानं वीस वर्षं तक्रार केली नाही तो नुसतं जिना उतरताना कळ मारायला लागतो. पाऊल पसरतं, बाजारातला बूट एक माप वाढतो. चालताना पावलं बाहेर पडतात ती बदकासारखी, ते कधीच जात नाही. कमी वजनावर काढलेल्या वर्षांत पाळी थांबलेली असेल तर त्याची वसुली हाडं आता करतात. म्हणून जाणत्या फिजिओ सांगतात ते अगदी साधं असतं. बार सोडू नका. आधी उड्या बंद, मग मधले व्यायाम बंद, वळवलेली पावलं जरा मिटवून, आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास, निदान वर्षभर. म्हणजे वयानं जे उलट्या क्रमानं पुसलं असतं ते स्वतःच्या हातानं, सावकाश पुसायचं. किती जणी ऐकतात? ज्यांना बार दिसला की रडू येतं त्या नाही ऐकत.

आणि ज्या तालमीच्या खोलीतच राहतात, शिकवायला, त्यांच्याकडे पाहिलं की मला त्या चित्रफितीचं कोडं सुटल्यासारखं वाटतं. उलानोव्हा १९६० मध्ये थांबली आणि पुढची काही दशकं दुसऱ्यांच्या पायांवर काम करत राहिली. अशा शिक्षिका खुर्चीत बसून शिकवतात, आणि शिकवतात हातांनी. दोन तळहात म्हणजे दोन पावलं. उडीत पाय एकमेकांभोवती कात्रीसारखे फिरायचे असतील तर मनगटं हवेत तशी फिरतात. पुढची पायरी, मागची पायरी, टाच, बोटं, सगळं दहा बोटांत. ही काही म्हातारपणाची सोय नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक नर्तकी हेच करत आलेली असते. तालमीत पूर्ण ताकदीनं प्रत्येक वेळी नाचलं तर संध्याकाळी पाय उरणार नाहीत, म्हणून ‘मार्क’ करतात, म्हणजे सूर चालू ठेवून पायांचं काम हातांनी खुणेपुरतं उरकायचं. विंगेत प्रवेशाआधी उभी असलेली मुलगी नीट बघा. अंग स्थिर, ओठ हलतायत, आणि कमरेजवळ दोन हात चिमुकलं नाचतायत. पायांनी एखादी रचना हजार वेळा केली असेल तर हातांनी ती कित्येक पटीनं जास्त केलेली असते.

क्युबाची नर्तकी अलिसिया आलोन्सोची गोष्ट याच्या टोकाची आहे. विशीतच तिच्या डोळ्यांचे पडदे सुटले. शस्त्रक्रिया झाल्या, आणि हवानात कित्येक महिने तिला डोकं न हलवता पडून राहायला सांगितलं गेलं. नाच तर सोडाच, मान वळवायला बंदी. त्या पलंगावर तिनं ‘जिझेल’ बोटांनी शिकून काढली. नवरा फर्नांदो शेजारी बसायचा, आणि तिची बोटं चादरीवर पावलं टाकायची. २ नोव्हेंबर १९४३ ला न्यूयॉर्कमध्ये अलिसिया मार्कोव्हा आजारी पडली म्हणून आलोन्सो तिच्या जागी उभी राहिली, आणि जिझेल पुढे कित्येक दशकं तिची झाली. नजर अधूच राहिली. रंगमंचावरच्या रंगीत दिव्यांच्या अंदाजानं ती आपली जागा ओळखायची. सत्तरी ओलांडेपर्यंत ती लोकांसमोर येत राहिली, आणि त्या शेवटच्या वर्षांत तिच्याकडे होतं ते मुख्यतः हातांतच.

प्लिसेत्स्कायाचा मरता हंस, म्हणजे ‘डाइंग स्वान’, असाच. प्रेक्षकांकडे पाठ करून, बारीक पावलांनी सरकत ती यायची आणि आधी दिसायचे फक्त दंड. लाट खांद्याच्या पात्यापासून निघायची, कोपर उचललं जायचं, मनगट अजून खालीच, आणि मनगट वर येईतो कोपर खाली निघालेलं. हाडं नसल्याचा भास त्या उशिरात असतो. नवशिक्या मुलीचा हात एकदम उचलला जातो, म्हणून तो पंख वाटत नाही, रहदारी थांबवल्यासारखा दिसतो. सिल्व्ही गिलेमनं ३१ डिसेंबर २०१५ ला टोकियोत निरोप घेतला तोही नृत्यरचनाकार मोरिस बेजारच्या ‘बोलेरो’नं, वर्ष संपण्याच्या ठोक्यावर. त्या नृत्यात अंधारात पहिला प्रकाश पडतो तो एका हातावर.

तर ती स्पेनमधली बाई. ती किती मोठी नर्तकी होती हे आता महत्त्वाचं वाटत नाही, पण शिकलेली होती यात शंका नाही, आणि त्यासाठी कुठलाच मथळा लागत नाही. आवाज बंद करून पाहिलं तरी कळतं. हात वर जाताना कोपर पुढे आहे, मनगट मागे रेंगाळतंय, बोटं सगळ्यात शेवटी उघडतायत.

खाली येतानाही तोच क्रम आहे.